घन, द्रव, वायू आणि मी

यंत्र उत्तम चालत होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्याचं खापर यंत्रावर फोडणारी माणसं आमच्या इमारतीत आहेत, बायकोच्या शाळेत आहेत आणि ऑफिसात तर माझ्या शेजारच्याच टेबलावर आहेत. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. एकतर त्यांना विज्ञानातलं काही कळत नाही. दुसरं म्हणजे खरा दोष कुणाचा होता हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते चारचौघांत जाहीर होण्यापेक्षा यंत्राने शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवायची. 'शिकवायची' असंच आता लिहावं लागतं, कारण ती निवृत्त झाली. निवृत्तीच्या आधी काही आठवडे, एका रविवारी सकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "अहो, माझ्या शेवटच्या तासाला याल का?"

"तासाला? म्हणजे वर्गात?"

"हो. मागच्या बाकावर बसायचं. इतकी वर्षं मी तिथे जाऊन काय करते, ते तुम्ही कधी पाहिलंच नाही."

हे खरं होतं. अर्थात मी ऑफिसात बसून काय करतो तेही तिने कधी पाहिलं नव्हतं, पण हा मुद्दा मी मनातच ठेवला. तिच्या बोलण्यात काहीतरी असं होतं की मुद्दे काढायला जीभ रेटेना. "येईन की," मी म्हटलं. "धडा कुठला?"

"पदार्थाच्या अवस्था. घन, द्रव, वायू. यंदा मुद्दाम शेवटी ठेवलाय. माझा सगळ्यात आवडता."

"त्यात आवडण्यासारखं काय आहे?"

"तेच तर बघायला या म्हणते." ती चादरीचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाली. "नुसते या. हातात काही नको."

हातात काही नको, याचा कुठलाही संसारी माणूस जो अर्थ लावेल तोच मी लावला. म्हणजे फुलांचा गुच्छ नको. गुच्छ सगळेच आणतात, दुसऱ्या दिवशी तो बादलीत पडतो. बाईसाहेबांना काहीतरी जन्मभर लक्षात राहील असं हवं होतं, आणि तोंडाने मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एवढं तर मी तिला ओळखत होतो. ओळखतो असं समजत होतो म्हणा.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या गाड्या आपटतात, दुकानात पाणी शिरतं, आणि त्याचे अर्ज माझ्यापुढे येतात. आमच्याकडे अर्जातला मोकळा रकाना म्हणजे महापाप. मोकळा रकाना दिसला की तो भरून घ्यायचा, भरून घेता येत नसेल तर स्वतः भरायचा, निदान 'लागू नाही' असं तरी लिहायचं. माझ्या हाताखालून मोकळा रकाना असलेला अर्ज कधी पुढे गेला नाही. साहेबांनी एकदा हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून शेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्यावर जळतो. त्याला सगळे शंकासूर म्हणतात.

तर हिचं विज्ञानाचं पुस्तक मी गुपचूप ऑफिसात नेलं. "माझं पुस्तक कुठे दिसलं का?" असं तिने त्या आठवड्यात दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा सोफ्याखाली वाकून शोधल्यासारखं केलं. पुस्तकात मजेशीर मजकूर होता. जगातल्या झाडून सगळ्या वस्तू म्हणे कणांच्या बनलेल्या असतात. घन पदार्थात कण एकमेकांना खेटून उभे असतात, जागा सोडत नाहीत, पण जागच्या जागी सारखे थरथरत असतात. माझं टेबल थरथरतं हे मला आधीपासून माहीत होतं. त्याचा एक पाय आखूड असेल असं मी समजत होतो. द्रवात कण जवळजवळच असतात, पण एकमेकांवरून घसरत राहतात. वायूत मात्र ते मोकाट सुटतात, वाट फुटेल तिकडे धावतात, भिंतींवर आपटतात. आणि सगळ्यात शेवटी, कणांच्या मधल्या जागेत काय असतं? तर काहीच नसतं. हवासुद्धा नसते, कारण हवा म्हणजेच पुन्हा कण.

हे वाक्य वाचून मी जरा अस्वस्थ झालो. मग शंकासुराला गाठलं.

"कणांच्या मध्ये काय असतं, सांग बघू."

"हवा," तो जेवणाच्या डब्यातून मान वर न करता म्हणाला.

"चूक! काहीच नसतं!"

"काहीच नसतं म्हणजे? काहीतरी असणारच ना."

"काहीच नसतं. पुस्तकात आहे."

त्या दिवशी ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना मी हा प्रश्न विचारला. सगळ्यांनी 'हवा' म्हटलं आणि सगळ्यांना मी 'काहीच नसतं' असं सांगितलं. दुपारनंतर लोक मला बघून दुसऱ्या दाराने जायला लागले. ज्ञानी माणसाला हे सोसावंच लागतं.

यंत्राची कल्पना मला त्याच दिवशी घरी जाताना सुचली. पारदर्शक पेटी, आत रंगीत गोळे, खालून पंख्याची हवा. पंखा एकवर ठेवला की गोळे नुसते थरथरतील: घन. तीनवर ठेवला की एकमेकांवरून घरंगळतील: द्रव. पाचवर उडतील: वायू. वर्गात हे यंत्र झाकून ठेवायचं, ही वर्गात शिरली की फडका ओढायचा, आणि तिचा चेहरा बघायचा. मी बसमध्ये एकटाच हसलो. शेजारच्या बाईंनी पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, एक निवृत्त ओव्हरसिअर राहतात. उभा जन्म पूल बांधण्यात गेला. माझी चूक एवढीच झाली, की जुना टेबलफॅन त्यांच्याकडे पडून होता तो मी मागायला गेलो. मला नुसता पंखा हवा होता. मिळाले ओव्हरसिअरकाका.

"टेबलफॅनने काय होतंय?" त्यांनी माझं चित्र उलटसुलट करून बघितलं. "इथे ब्लोअर पाहिजे. आणि जेवढी ताकद लागेल असं वाटतं, त्याच्या दुप्पट धरायची. हा नियम आहे. आमचा एक पूल पडला नाही आजवर."

"काका, पण हा पूल नाहीये."

"पडणारी गोष्ट पडतेच हो. पूल असो की काहीही असो."

दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या गच्चीवर काम सुरू झालं. ही शाळेतून आली की वरून ठोकाठोकीचे आवाज यायचे आणि ती विचारायची, "वर काय चाललंय हो?" मी म्हणायचो, "काकांचं काहीतरी." मग मीच अर्ध्या तासाने पायात चपला सरकवून 'जरा खाली जाऊन येतो' असं सांगून वर जायचो. परत यायचो तेव्हा केसांत भुसा असायचा. तिने कधी एका शब्दाने विचारलं नाही. माझं गुपित किती छान राहिलंय याचंच मला तेव्हा कौतुक वाटत होतं.

गच्चीवर वाळवण घालायला येणाऱ्या शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून सगळा प्रकार ऐकून घेतला.

"म्हणजे घट्ट, पातळ आणि वाफ, एवढंच दाखवायचंय ना?" त्या म्हणाल्या. "मग एका भांड्यात बर्फ ठेवा आणि भांडं शेगडीवर चढवा. पाणी होईल, मग वाफ होईल. झालं की!"

मी हातातला हातोडा खाली ठेवला. मग ओव्हरसिअरकाका म्हणाले, "वहिनी, असं सोपं करायचं असतं तर आम्ही दोघं कशाला लागलो असतो?" आणि काकूंना खाली धाडण्यात आलं.

पहिले गोळे थर्माकोलचे आणले. हलके, पांढरे, छान. पेटीत ओतले, ब्लोअर सुरू केला, आणि सगळेच्या सगळे गोळे उडून पेटीच्या भिंतींना जाऊन चिकटले. ब्लोअर बंद केला तरी खाली येईनात. पेटी उलटी केली, हलवली, काकांनी तिला दोन चापट्या मारल्या, तरी एकही गोळा ढिम्म हलेना. हात घातला तर हाताला चिकटले. त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा माझ्या पाठीवर कणांचा एक मोठा समुदाय घन अवस्थेत बसलेला होता.

"हे काय पाठीला?" ही म्हणाली.

"कुठे? काही नाही. काकांकडे नवा टीव्ही आलाय, त्याच्या खोक्यातलं असेल."

तिने ते एकेक करून वेचून काढले आणि कचऱ्यात टाकले. तेव्हा ती बारीक हसत होती, असं आता आठवतं.

मग शिवणाचं सामान मिळतं त्या दुकानातून प्लॅस्टिकचे मणी आणले. ते जड निघाले. म्हणून ब्लोअर मोठा आणला. काकांच्या नियमाने त्याच्याही दुप्पट. मोठ्या ब्लोअरला ती पेटी पुरेना, म्हणून पेटी मोठी केली. मोठ्या पेटीत मणी फारच गरीब दिसायला लागले, म्हणून मणीही दुप्पट केले. हवा बाहेर जायला पेटीचं झाकण काढलं आणि त्या जागी बारीक जाळी ताणून तिला कडेने इलॅस्टिक लावलं. अशा रीतीने सगळं दुप्पट झालं. जाळी मात्र एकच राहिली. पूल बांधलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं, असं माझं आजही म्हणणं आहे.

पण यंत्र चाललं! एकवर थरथरलं, तीनवर घरंगळलं, पाचवर मणी असे काही उसळले की काकांनी मला मिठी मारली. आम्ही दोघं प्रौढ माणसं मग बराच वेळ आळीपाळीने बटण फिरवत बसलो होतो.

ते लिफ्टमध्ये मावत नाही हे कळलं तेव्हा शाळेत न्यायला एकच दिवस राहिला होता. जिन्याने उतरवायचं तर सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी लागते. सामान हलवायचा अर्ज तीन दिवस आधी द्यायचा असतो. 'सामानाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहायचं यावर आमचं वाजलं. मी 'शैक्षणिक उपकरण' लिहिलं. ते म्हणाले, आमच्याकडे फर्निचर आहे, फ्रिज आहे, इतर आहे. मी आयुष्यभर लोकांना 'इतर' लिहू दिलं नाही, आणि त्या दिवशी स्वतः 'इतर' लिहून, तीन दिवस मागची तारीख टाकून सही केली. पेटी मधल्या वळणावर अडकली ती अडकलीच. दुपारपर्यंत आमची सगळी इमारत तिच्याखालून वाकून ये-जा करत होती आणि जाता-येता प्रत्येक जण 'जरा डावीकडून घ्या' असं सांगून जात होता. डावीकडे भिंत होती.

शाळेतला प्रकार तर विचारूच नका. हिच्या नकळत मी मुख्याध्यापकांना भेटलो. मनुष्य भला, पण नियमाला धरून. "तुमची भावना कळली," ते म्हणाले, "पण ही वस्तू शाळेत येणार कशी? देणगी म्हणून आली तर समितीचा ठराव लागेल. पाहुण्याचं सामान म्हणून आली तर ती फाटकावर ठेवावी लागेल."

"आणि मी कसा येणार? तिने मला बोलावलंय."

"पालक असाल तर पालकदिनाला या."

"मी पालक नाही. मी नवरा आहे."

त्यांनी आपल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने नियमांची फाइल चाळली. शिक्षिकेचा नवरा हा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता. शेवटी त्या कारकुनानेच वाट काढली. शाळेत उपकरण दुरुस्त करायला किंवा बसवायला कारागीर आला, तर तो आणि उपकरण दोघांनाही एकाच पासवर सोडता येतं. अशा प्रकारे, अर्ध्याअधिक ऑफिसला ज्याच्या सहीवाचून पुढे जाता येत नाही असा मी, बायकोच्या शेवटच्या तासाला छातीवर 'कारागीर' अशी पाटी लावून शाळेत शिरलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने जाताना मला सांगितलं, "परत निघताना खालच्या मजल्यावरचा नळपण बघून जा."

तास सुरू व्हायच्या आधी यंत्र टेबलावर चढलं. त्यावर चादर टाकून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. मुलं वळून वळून बघत होती. मग ही आली. तिने आधी चादरीकडे पाहिलं, मग मागे माझ्याकडे, मग माझ्या छातीवरच्या पाटीकडे. कपड्यांच्या घड्या घालताना नेसलेली असते तसली नाही, ठेवणीतली साडी नेसली होती.

"हे काय?" ती हळूच म्हणाली.

मी उठून पुढे गेलो आणि चादर ओढली. "तुझ्या धड्यासाठी," मी म्हटलं. "मी केलंय. म्हणजे मी आणि काकांनी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला त्या गडबडीत आनंदासारखं वाटलं. अगदी लहान मुलाने मातीत खेळून येऊन 'हे तुझ्यासाठी' म्हणत काहीतरी हातात दिलं तर आई जसं करते, तसं तिने केलं. "वा," ती म्हणाली. "दाखवा तर मग."

मी दाखवलं. एकवर मणी थरथरले. "घन!" मी म्हणालो. तीनवर घरंगळले. "द्रव!" मुलं बाकांवर उभी राहिली. मग मी पाचवर नेलं आणि "वा..." एवढंच म्हणालो, कारण 'यू' म्हणायच्या आत जाळी सुटली.

दुप्पट मणी, दुप्पट वाऱ्याने, वर्गात मोकाट सुटले. छताला लागले, फळ्यावर वाजले, खिडकीतून खाली मैदानात गेले. मी बटण उलट फिरवायला गेलो तर ते माझ्या हातातच आलं. प्लग कपाटामागे होता. कपाट सरकवेपर्यंत पेटी रिकामी झाली होती आणि अख्खा वर्ग जमिनीवर होता. मुख्याध्यापक धावत आले, पण दारापाशीच थबकले, कारण पाय ठेवायला जागा नव्हती. "कारागीर कुठाय?" असं त्यांनी उंबऱ्यावरून विचारलं. मी कपाटामागून हात वर केला.

मणी गोळा करण्यात तासाचा बहुतेक वेळ गेला. मी गुडघ्यांवर रांगत बाकांखालून मणी काढत होतो आणि मनात एकच येत होतं: तिचा शेवटचा तास. मी तिचा शेवटचा तास केरात घातला. दावे तपासताना लोक टेबलासमोर बसून रडतात, तेव्हा मी त्यांना पाणी देतो आणि पुढचा रकाना विचारतो. त्या दिवशी मला कुणी पाणी दिलं असतं तर बरं झालं असतं.

मग हिने टाळी वाजवली. एकदाच, फार मोठ्याने नाही. "राहू द्या मणी," ती म्हणाली. "इकडे या सगळे. फळ्यापाशी. आणखी जवळ. खेटून उभे राहा."

मुलं खेटून उभी राहिली. "आता तुम्ही दगड. जागा सोडायची नाही. पण थरथरायला परवानगी आहे." सगळा वर्ग थरथरायला लागला, खिदळायला लागला. "आता पाणी. लांब जायचं नाही, पण एका जागी थांबायचं नाही." मुलं एकमेकांच्या बाजूने सरकत, वाट काढत फिरू लागली. तिचा आवाज मी घरी ऐकतो तो नव्हता. घरी ती घाईत बोलते, अर्ध्यावर सोडते. इथे एकेक शब्द सावकाश येत होता, आणि त्या शब्दाची वाट बघायला सगळे तयार होते. मी मण्यांनी भरलेली ओंजळ तशीच धरून मागच्या बाकावर बसून राहिलो. इतकी वर्षं ही बाई माझ्या घरात राहत होती!

"आता वायू," ती म्हणाली, आणि मुलं खिडकीपासून दारापर्यंत पांगली. "थांबा. आहात तिथेच थांबा. आता मला सांगा, तुमच्या मध्ये काय आहे?"

"हवा!" सगळी एकदम ओरडली.

"तुमच्या मध्ये हवा आहे. पण ती हवासुद्धा अशाच कणांची झालीये. त्या कणांच्या मध्ये काय आहे?"

"अजून हवा!" एक जण म्हणाला.

"तीही कणांचीच की रे. त्या कणांच्या मध्ये?"

आता कुणी बोलेना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ही फळ्यापाशी हात बांधून उभी राहिली, आणि गप्प. मला वाटलं आता सांगेल. सांगेना. वर्गात असं सामसूम झालं की मैदानावरच्या मुलांचं ओरडणं ऐकू यायला लागलं. मी तिच्याकडे पाहत होतो. माझ्यामुळे तिचा वेळ गेला, माझ्यामुळे मुलांचं लक्ष उडालं, आता कुणालाच उत्तर येत नाही आणि ही बिचारी फळ्यापाशी अडकून पडलीये, असं मला वाटलं. खिडकीपाशी एक लहानखुरी मुलगी उभी होती. ती आपल्या आणि शेजारच्या मुलीच्या मधल्या रिकाम्या जागेकडे टक लावून बघत होती. मग तिचे डोळे मोठे झाले. तिने मान वर केली, तोंड उघडलं.

"काहीच नसतं!" मी मागून म्हणालो. खणखणीत आवाजात.

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. त्या मुलीने तोंड मिटलं.

"बरोबर," ही म्हणाली. मग घंटा झाली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. यंत्राने जी आब घालवली होती ती उत्तराने थोडी परत आणली, असं वाटलं. मुलांनी तिच्या पाया पडून घेतलं, दोघीतिघी रडल्या, आणि मी कोपऱ्यात प्रसन्न चेहऱ्याने उभा होतो.

संध्याकाळच्या निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी माझा खास उल्लेख केला. बाईंच्या यजमानांनी स्वतःच्या हाताने उपकरण बनवून आणलं, थोडी तांत्रिक अडचण आली, पण वर्गात ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच आलं नाही त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला. शेजारी बघितलं तर हीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर ती गुच्छ टेबलावर ठेवून खिडकीपाशी बसली. साडीही बदलली नाही.

"बाकी यंत्राचं सोड," मी म्हटलं, "पण उत्तर कसं दिलं! नाहीतर सगळी नुसती बघत बसली होती."

"ती बोलणार होती," ती म्हणाली.

"कोण?"

"खिडकीपाशी होती ती. वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही तिने." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "दर वर्षी मी तिथे थांबते. कधी कधी फार वेळ थांबावं लागतं. पण कुणीतरी एक जण ते शोधून काढतं. काहीच नसतं हे स्वतःचं स्वतःला कळतं ना, तेव्हा पोराचा चेहरा असा काही होतो... तो तुम्हाला दाखवायचा होता. बाकी त्या धड्यात काय आहे?"

मी खुर्चीत बसलो. कारागिराची पाटी अजून खिशात होती, ती टोचत होती.

"मग काय म्हणणार होती ती?" मी विचारलं.

"मला काय माहीत? कदाचित बरोबर म्हणाली असती. कदाचित 'हवा'च म्हणाली असती. आता कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना म्हटलं, तिला आणखी एक तास द्या. एकच. त्यांना वाईट वाटलं, हे दिसत होतं. पण निवृत्त माणसाला वर्गावर पाठवता येत नाही, आणि नव्या बाईंनी पुढचा धडा सुरू केला होता. त्या मुलीला भेटू का, असंही मी विचारलं. भेटून काय विचारणार, असं ते म्हणाले. खरंच, काय विचारणार होतो? माझं उत्तर ऐकल्यावर तिलाही आता ते पाठ झालेलं असणार.

घरी येऊन हे सगळं मी हिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मला वाटलं तू अडकलीस," मी म्हणालो. "खरंच तसं वाटलं गं. म्हणून बोललो."

"हो," ती म्हणाली. "मी थांबले की तुम्हाला नेहमीच वाटतं मी अडकले. घरीसुद्धा. मी वाक्य सुरू करते आणि तुम्ही पुरं करता."

"छे, असं कधी..." असं मी सुरू केलं आणि जीभ चावली. इतक्या वर्षांत मी तिची किती वाक्यं पुरी केली असतील, आणि त्यांतली किती तिने तशी केली नसती, याचा हिशोब करायची माझी छाती झाली नाही. मी गप्प बसलो. आता ती बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, असं ठरवलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. घड्याळ वाजत होतं, वर काका काहीतरी ठोकत होते, आणि माझ्या तोंडात निदान पाचसहा वाक्यं रांग लावून उभी होती. ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिने माझ्याकडे मान वळवली. काहीतरी सांगायचं होतं तिला, अगदी ओठांवर आलेलं दिसत होतं. मी श्वास रोखून धरला.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "चहा टाकते."

आणि उठून आत गेली. ती काय सांगणार होती, तेही आता मला कधी कळायचं नाही. आणि या खेपेला तर मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.